बनाबाईनं बसवलेली तार

१९७२ सालच्या डिसेंबरात माझ्या हातून एक तार तुटली. केसाहूनही बारीक होती. ती तुटल्यामुळे सहाशे माणसांचं काम बंद पडायची वेळ आली, आणि ती पुन्हा बसवली मेंढरं राखणाऱ्या एका बाईनं. बनाबाई तिचं नाव. मी पुढं बरीच वर्षं नोकरी केली, पुष्कळ शिकलेल्या माणसांच्या हाताखाली काम केलं, पण मला वेळेला सावरलं ते तिनं, हे मी कुणालाही सांगतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आमचं घर सोलापुरात बाळी वेशीत. डिप्लोमा करून ओव्हरसियर म्हणून लागलो त्याला वर्ष झालं होतं. दोन वर्षं पावसानं दगा दिला आणि जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली. मला सांगोला तालुक्यात खांडेवाडीच्या माळावर पाझर तलावाच्या कामाला धाडलं. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरलं की खालच्या विहिरींना पाझर फुटतो, असं ते काम. माझं नाव विरुपाक्ष, पण ते उच्चारण्याच्या भानगडीत तिथं कुणी पडलं नाही. सगळे मला ‘वरशेर साहेब’ म्हणायचे.

माझ्याबरोबर निंगप्पा नावाचा खलाशी होता. खलाशी म्हणजे मोजणीच्या वेळी आकड्यांची उंच पट्टी घेऊन उभा राहणारा माणूस. अक्कलकोटाकडचा, सत्तावन्न वर्षांचा, निवृत्तीला आलेला. घरी कानडी, कामावर मराठी, आणि दोन्हीत बेताचंच बोलणारा.

आमच्याजवळ मोजणीची एक जुनी दुर्बीण होती. तिपाईवर बसवायची, समोरची पट्टी बघायची आणि जमीन किती चढली, किती उतरली ते काढायचं. इंग्रजांच्या काळातली, पितळी, जड. तिच्यात बघितलं की गोल प्रकाशात एक उभी आणि एक आडवी काळी रेघ दिसायची. आडवी रेघ पट्टीवरच्या ज्या आकड्यावर येईल तो वाचायचा. सगळं काम त्या रेघेवर चालायचं. बांध किती उंच न्यायचा, जादा पाणी वाहून जायला ठेवायचा सांडवा कुठल्या पातळीवर बसवायचा, हे तीच सांगायची. सांडवा वीतभर चुकला तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी बांधावरून जातं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध उरत नाही.

माळावर दिवसभर धूळ उडायची. एका सकाळी दुर्बिणीत अंधुक दिसायला लागलं म्हणून मी तिची मागची नळी उघडली. आत पितळेची एक कडी होती, तिच्यावर धूळ बसलेली. मी रुमालाचं टोक वळून हलकेच फिरवलं. नळी लावून बघतो तर दोन्ही रेघा नाहीत. पलीकडे निंगप्पा पट्टी धरून उभा, पट्टीवरचे आकडे स्वच्छ, आणि वाचायला रेघ नाही.

मी निंगप्पाला हाक मारली. त्यानं कडी हातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

“साहेब, यातली तार गेली.”

“दुसरी कुठं मिळेल?”

“पुण्याला धाडाय पाहिजे. मागं एकदा धाडली होती, दोन महिन्यांनी आली.”

दुसरी दुर्बीण मागावी तर तालुक्यातालुक्यात कामं निघालेली. कुणाकडेही रिकामी नव्हती. आखून दिलेलं खोदकाम फार तर चार दिवस पुरणार होतं. त्यानंतर सहाशे माणसांना काय सांगायचं? तुमच्या साहेबानं रुमाल फिरवला, घरी जा? पाण्याच्या रबरी नळीनं पातळी काढून बघितली. जवळच्याजवळ ती ठीक होती, पण ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत दर वेळी वेगळंच उत्तर येई. त्यावर सांडवा बसवायची माझी छाती झाली नाही.

दुपारी भाकरी खाता खाता निंगप्पा म्हणाला, “साहेब, ती तार म्हणजे कोळ्याचं सूत हाय.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण निंगप्पा चेष्टा करणारा माणूस नव्हता.

“मी नवीन असताना एका साहेबानं बसवलेली बघितलोय. आमच्याकडं त्याला जेड म्हणत्यात. जेड धरून आणला, सूत काढला, लाखेनं चिकटवला. कसा काढला ते बघितलो नाही. मला चहा आणाय पाठवला होता.”

आमचं कचेरीचं सामान गावच्या शाळेच्या एका खोलीत असायचं. त्या खोलीच्या आढ्याला कोळिष्टकं काही कमी नव्हती. निंगप्पानं बांबूच्या टोकावर ती गुंडाळून खाली काढली. सगळं जळमट. एक धागा सुटा निघेना, निघाला तर लगेच तुटे. दुसऱ्या दिवशी दाराच्या कोपऱ्यात एक ताजं जाळं मिळालं. त्यातला धागा कडीवर बसला, मला हर्ष झाला. दुर्बिणीतून बघतो तर रेघेच्या जागी मण्यांची माळ. कोळ्याच्या चिकाचे थेंब धाग्यावर बसले होते. आकडा कुठल्या मण्यावर वाचायचा?

आम्ही दोघं दिवसभर झाडाझुडपांत डोकी घालून हिंडतोय हे कामावरच्या बायकांच्या नजरेतून सुटणार थोडंच होतं. मुरमाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका हसायला लागल्या. त्यातली एक मात्र पाटी खाली ठेवून आमच्याकडे आली. उंच, काटक, चाळिशीच्या आतबाहेरची. हिरवं लुगडं धुळीनं मातकट झालेलं. तीच बनाबाई. तिचा नवरा येडू मेंढरं घेऊन अकलूजच्या बाजूला गेला होता. तिकडं उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, मिळायचं, जनावरं जगायची. चालायला न झेपणाऱ्या चार मेंढ्या आणि कोकरं तिच्याजवळ ठेवून तो गेला होता. ती सकाळ-संध्याकाळ त्यांचं बघून मधल्या वेळात कामावर यायची.

“साहेब, काय हरवलंय तुमचं?” तिनं विचारलं.

मी सांगायला लाजलो. निंगप्पानं सांगितलं. कडी दाखवली, बारीक खाचा दाखवल्या, तार इथून तिथवर ताणून बसते म्हणाला.

तिनं नीट ऐकून घेतलं. “घरातला कोळी न्हाय कामाचा,” ती म्हणाली. “त्याचं सूत म्हंजे नुस्ता गुंता. तुमास्नी फुलीचा कोळी पायजे.”

“फुलीचा?”

“फुलीवानी पाय धरून बसतोय जाळ्यात. आता दुकाळात त्योबी कुटं दिसंना झालाय. माळावरची समदी झुडपं हुडकली तरी घावायचा न्हाय. पर मला ठावं हाय कुटं ऱ्हायलाय त्यो. उद्याच्याला दिस उगवायला चला.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघं निघालो. ओढा कोरडा ठाक पडला होता. अर्धा मैल वर गेल्यावर खडकाच्या कपारीत हाताएवढी ओल होती. बनाबाईनं तिथं वाटीएवढा खड्डा उकरून ठेवला होता. त्यात झिरपणारं पाणी ती कोकरांना पाजायची. त्या ओलीच्या कडेनं निवडुंगाचं आणि घायपाताचं दाट बेट होतं. माळभर पिवळट कोरड आणि एवढाच एक हिरवा पट्टा.

“माश्या, चिलटं, नाकतोडं, समदी हितं पाण्याला येत्यात,” ती म्हणाली. “म्हून ह्येबी हितंच.”

ती बोट दाखवत होती तिकडे मला आधी काहीच दिसलं नाही. मग ऊन निवडुंगाच्या फड्यांमागून आलं आणि जाळी उजळली. एक, दोन, पाच, नऊ. दोन फड्यांच्या मध्ये ताटाएवढं गोल जाळं, आणि मधोमध डोकं खाली करून बसलेला कोळी, चांगला बोराएवढा. पुढचा भाग चांदीसारखा चकाकणारा, पोटावर पिवळे आणि तपकिरी पट्टे. आठ पाय दोन-दोन जुळवून असे धरलेले की खरोखरच फुली काढल्यासारखी दिसावी. पायांच्या टोकांपासून पुढं पांढऱ्या जाड सुताची नागमोडी शिवण, गोधडीला घालतात तशी.

“ही बाई हाय,” बनाबाई म्हणाली. “बाप्या ह्यो बगा, कडंला.” जाळ्याच्या काठाशी गव्हाच्या दाण्याएवढा एक तपकिरी कोळी चिकटून होता. आमची सावली पडली तशी मादीनं सगळं जाळं गदागदा हलवलं. इतकं, की ती दिसेनाशी झाली. निंगप्पा एक पाऊल मागं सरला.

“चावतंय का?”

“न्हाय. भ्या दावतंय. भुकंचं दिस हायती, तिलाबी घर राखाय पायजे की.”

तुला हे सगळं कसं माहीत, असं मी विचारलं. तिनं लुगडं घोट्यावर सरकवून पायावरचा जुना व्रण दाखवला. लांब होता, पिंढरीवर अर्ध्यापर्यंत गेलेला. सात वर्षांपूर्वी ती एकटी याच ओढ्यात मेंढरं घेऊन आली होती. चारा कापताना विळा निसटला. रक्त थांबेना, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. तिच्या सासूनं कधीतरी सांगितलेलं तिला आठवलं. तिनं या बेटातली हाताला येतील तेवढी जाळी ओढून जखमेवर दाबली, वरून पदर फाडून बांधला आणि बसून राहिली. दिवस कलायच्या आत रक्त थांबलं. तिच्या मेंढ्या तोवर तिच्याभोवती गोळा होऊन उभ्या होत्या.

“तवापासनं हितं आले की बगत बसते,” ती म्हणाली. “आपल्यासाठी त्येंची घरं मोडली. दुसऱ्या दिशी परत बांधली त्येनी. काय म्हनाय न्हाय, काय न्हाय.”

मग ती कामाला लागली. बाभळीची एक बेचकी तिनं आदल्या दिवशीच कापून साल काढून आणली होती. “जाळ्याचं सूत चिकाट असतंय,” ती म्हणाली. “त्यानंच तुमच्या दुर्बिनीत मनी झालं. पर ह्ये जवा पडतंय, तवा मागं जे सूत सोडतंय, ते कोरडं असतंय. तेवढंच घ्यायचं.”

तिनं एका काडीनं मादीला खालून हलकेच उचललं आणि काडी झटकली. कोळी खाली सुटला. वीतभर, हातभर, आणि त्याच्या मागं सुताची एक रेघ उन्हात चमकली. तो जमिनीला टेकायच्या आत बनाबाईनं बेचकी त्या सुताखाली धरली आणि फिरवायला लागली. घाई नाही, ओढाताण नाही. कोळी सूत सोडत राहिला, ती गुंडाळत राहिली. दोन फेऱ्यांमध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून. दहा-बारा फेरे झाल्यावर तिनं सूत तोडलं आणि कोळ्याला त्याच्याच जाळ्याच्या कडेला लावून दिलं. तो चार पावलं चालून मधोमध जाऊन बसला आणि पुन्हा फुली धरली.

“हिचं आणखी थोडं घेऊ का?” मी विचारलं.

“तिचं एकदा झालं. आता लागलंच तर शेजारनीचं घ्यू,” ती म्हणाली. “एकीलाच दोनदा तरास नगं.”

शाळेच्या खोलीत आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या, वारा नको म्हणून. सुताराकडून चपड्याची लाख आणि स्पिरिट आणून मी ते कालवून ठेवलं होतं. कडी पोरांच्या एका दगडी पाटीवर ठेवली. आधी मी प्रयत्न केला. माझ्या हातून सूत खाचेत बसायच्या आत तुटलं. निंगप्पाला जवळचं दिसतच नव्हतं. तो म्हणाला, “साहेब, ज्याच्या हाताला सवय हाय त्याला द्या की.”

बनाबाईनं हात लुगड्याला पुसले. तिचे हात माझ्यापेक्षा मोठे होते, पाटीच्या कडांनी बोटांना घट्टे पडलेले. पण त्याच हातांनी ती कोकराच्या खुरातला काटा काढायची, अडलेल्या मेंढीची सुटका करायची. बाभळीचे दोन काटे तिनं चिमटीत धरले. बेचकी कडीवर अशी उतरवली की एक सूत बरोबर खाचेवर आलं. काट्यानं दाबलं. मी काडीनं लाखेचा ठिपका ठेवला. पहिलं सूत सैल बसलं. दुसरं लाख वाळताना सरकलं. तिसऱ्या वेळी तिनं सूत खाचेवर धरून त्यावर हलकेच वाफ सोडली, आरशावर सोडतात तशी, मग ताणलं आणि थांबली.

“वलं झालं की सैल पडतंय, वाळलं की ताट हुतंय,” ती म्हणाली. “दंवाच्या दिसांत जाळी बगत बसलं की कळतंय.”

आडवी तार बसली. उभी बसवायला तेवढाच वेळ लागला. त्या तासाभरात निंगप्पा दाराला पाठ लावून उभा होता, कुणी ढकलू नये म्हणून.

दुर्बीण पुन्हा माळावर लावली. मी डोळा लावला. गोल प्रकाशात दोन स्वच्छ काळ्या रेघा. मी बाजूला झालो आणि बनाबाईला म्हणालो, “बघ.”

तिनं डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली. “माणसं उलटी दिसत्यात की,” ती म्हणाली. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसायचं. निंगप्पा पलीकडं पट्टी धरून उभा होता तो तिला डोक्यावर उभा दिसत होता. ती हसली. मग म्हणाली, “आनि मदी सूत हाय.”

मी दोन खुंट्या ठोकून, दोन्हीकडून वाचून दुर्बीण तपासली. कडी थोडी वर-खाली झाली होती, ती स्क्रूनं जागेवर आणली. तिसऱ्या तपासणीला दोन्ही आकडे जुळले. त्या संध्याकाळी सांडव्याची पातळी आखून झाली. काम एक दिवसही बंद पडलं नाही.

वरिष्ठांना काय कळवायचं, हा प्रश्न उरला होता. न कळवलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. पण तार माझ्या हातून तुटली आणि ती बनाबाईनं बसवली, असं मी सरळ लिहून दिलं. आठवड्याभरानं डेप्युटी इंजिनियर साहेब जीपमधून आले. मी ताठ उभा. त्यांनी दुर्बिणीत बघितलं, नळी उघडून कडी बघितली, पुन्हा दुर्बिणीत बघितलं.

“ती बाई कुठं आहे?”

बनाबाई पाटी घेऊनच आली. साहेब तिला म्हणाले, “पंढरपूरला आमच्या दोन दुर्बिणी अशाच पडून आहेत. करून द्याल?”

“कोळी पुरलं तर करीन,” ती म्हणाली.

त्या दुष्काळात तिनं अकरा दुर्बिणींना तारा बसवल्या. पंढरपूरहून आल्या, मंगळवेढ्याहून आल्या, एक तर करकंबच्या कामावरून एक खलाशी सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला. बनाबाई आधी बेटावर जाऊन बघून यायची. कोळी अशक्त दिसले, जाळी लहान दिसली तर ती स्पष्ट सांगायची, “आठ दिस थांबा. त्येंच्या पोटात काय न्हाय.” आणि साहेबलोकही थांबायचे. तार बसवायच्या दिवसाची तिची हजेरी मी कामाचीच लावत असे, तेवढं माझ्या हातात होतं. तिच्याबद्दल बोलताना कामावरचे लोक ‘तारवाली’ म्हणायला लागले होते.

मार्चमध्ये बांध कमरेच्या वर आला. तलाव भरल्यावर पाणी कुठपर्यंत येईल त्याची रेघ आता जमिनीवर आखायची होती. निंगप्पा पट्टी घेऊन ओढ्यानं वर वर जात होता, मी दुर्बिणीतून वाचून त्याला हातानं खुणावत होतो, आणि तो चुन्याची फक्की टाकत होता. दुपारी ती रेघ निवडुंगाच्या बेटापाशी पोचली. पोचली आणि बेटाच्या मागून, वरच्या अंगानं पुढं गेली. सगळं बेट पाण्याच्या आत.

मी पुन्हा वाचलं. आकडा तोच होता. तिनंच बसवलेल्या तारेवर मी तो वाचत होतो, आणि तार चोख होती.

निंगप्पा माझ्याजवळ आला. “साहेब, तिला सांगू नका. पावसाळ्यात आपोआप दिसेल की,” तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही. त्याला ते तिच्या तोंडावर सांगवत नव्हतं. मलाही नको वाटत होतं. दोन दिवस मी तिला टाळलं. तिसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तिच्याबरोबर ओढ्यानं वर गेलो, चुन्याची रेघ दाखवली आणि सांगितलं. सांडव्याची पातळी खाली घेतली तर तलावच लहान होतो, खालच्या विहिरींना पुरत नाही, हेही सांगितलं.

ती रेघेकडं बघत राहिली. मग बेटाकडं बघितलं. उन्हानं घायपाताची पानं कडेनं वाळली होती, पण जाळी होती, तीन-चार.

“कवा येईल पानी?”

“पाऊस झाला तर जुलैत.”

“म्हंजे हायत की दिस,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून सुटली की कोयता घेऊन बेटावर जायची. निवडुंगाचे फडे कापायची, घायपाताच्या बुडातली पिल्लं उपटायची, आणि घोंगड्यात घालून डोक्यावरून वर माळाच्या उतारावर न्यायची. तिच्या मेंढरांच्या वाड्यालगत तिनं ती ओळीनं लावली. निवडुंगाला पाणी लागत नाही, फडा पडेल तिथं मूळ धरतो. फड्यांच्या मधे कुठं कुठं कोळ्यांच्या अंड्यांच्या पिशव्या होत्या. चपट्या, हिरवट-पिवळ्या, कागदासारख्या. त्या तिनं काट्यासकट काढल्या आणि नव्या ओळीतल्या काट्यांना सुतानं बांधल्या. निंगप्पा दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं शर्ट काढून ठेवला आणि फडे वाहायला लागला. मीही गेलो. माझ्या हातात मोडलेले निवडुंगाचे बारीक काटे काढायला तिलाच बसावं लागलं.

एप्रिलअखेर निंगप्पा निवृत्त झाला. जाताना त्यानं तिला कानडीत काहीतरी म्हटलं आणि दोन्ही हात जोडले. तिला कानडी येत नव्हतं. “काय म्हनाला?” तिनं मला विचारलं. सोलापुरात वाढल्यामुळे मला कानडी कळायचं. मी सांगितलं, “तुझं बरं होवो म्हणाला.” खरं तर तो म्हणाला होता की माझी नोकरी शेवटी शेवटी कारणी लागली. ते मला नीट मराठीत सांगता आलं नाही.

त्या साली पाऊस झाला. बांध टिकला, सांडव्यातून पाणी ठरल्या जागेवरून गेलं. जुलैच्या मध्यावर मी होडीसारख्या एका लाकडी ओंडक्यावर बसून पातळी बघायला गेलो, तेव्हा निवडुंगाच्या बेटाची दोन-तीन टोकंच पाण्यावर होती. पुढच्या खेपेला तीही नव्हती. माझी बदली सोलापूरच्या कचेरीत झाली.

मी परत खांडेवाडीला गेलो ते १९७६ साली, लग्न झाल्यावर, बायकोला घेऊन. तिचं नाव शिवम्मा. तिला मी ही सगळी हकीकत सांगितली होती, आणि तिला ती खरी वाटली नव्हती. एसटीतून उतरून दोन मैल चालत गेलो. येडू घरी होता. उंच, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, तीन वर्षं झाली, उन्हाळ्यात मेंढरं घेऊन अकलूजकडं जावं लागलं नाही. विहिरींना पाणी आहे, मेंढरांना प्यायला तलाव आहे. बनाबाई वाड्याच्या मागं होती.

तिनं आम्हाला थेट तिकडंच नेलं. निवडुंग कमरेएवढा झाला होता. भाद्रपदाचे दिवस, गवत हिरवं, माश्या-नाकतोडे रग्गड. मी जाळी मोजायला लागलो आणि तिसाच्या पुढं सोडून दिली. तिनं शिवम्माच्या हाताला धरून एका मादीसमोर उभं केलं, पांढरी शिवण दाखवली, कडेचा बारका नर दाखवला. शिवम्मा आधी मागं मागं सरत होती, मग वाकून बघायला लागली.

“ही त्याच पिशव्यांतली पिल्लं का गं?” मी विचारलं.

“कुनास ठावं,” बनाबाई म्हणाली. “त्यांतली असतील, न्हायतर वाऱ्यावर आली असतील. त्येंची पिल्लं सुतावर बसून वाऱ्यानं जात्यात लांब. बेट हाय म्हून उतरली, येवढं खरं.”

मी तिला सांगितलं की खात्यात आता नव्या दुर्बिणी आल्या आहेत. त्यांच्यात तार नसते. काचेवरच रेघ कोरलेली असते, रुमाल फिरवला तरी तुटत नाही. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “बरं झालं. ह्येंच्या मागचा तरास गेला.”

येडूनं चहा केला. आम्ही वाड्याच्या दगडी भिंतीवर बसून प्यालो. निघताना जे बोलायचं मी सोलापूरपासून ठरवून आलो होतो ते मला धड बोलता आलं नाही. कसंबसं म्हणालो, “तू नसतीस तर माझी नोकरी त्या माळावरच संपली असती. तुझे उपकार आहेत.”

“कसलं उपकार,” ती म्हणाली. “मी कोळ्याचं घेतलं नि तुमास्नी दिलं.” मग म्हणाली, “तुमी मला आगुदर सांगितलासा, साहेब. पानी येनार म्हून. सांगत न्हाय कुनी. धरनाखाली गावं जात्यात तरी सांगत न्हाईत म्हंत्यात, ह्ये तर निवडुंग. तुमी चालत येऊन सांगितलासा, म्हून मला दिस घावलं. त्येवढं मी इसरले न्हाय.”

शिवम्माला तिनं एक घोंगडी दिली, तिच्याच मेंढरांच्या लोकरीची, काळी, पांढऱ्या काठाची. नको म्हणायची सोय नव्हती. रस्त्यापर्यंत येडू सोडायला आला. एसटी यायला वेळ होता. आम्ही तिघं रस्त्याकडेच्या दगडांवर बसलो, आणि शिवम्मा त्याला विचारत होती की ती सुतावरून उडणारी पिल्लं कुठल्या महिन्यात दिसतात, तेव्हा आम्ही परत येऊ.